सोलापूरहून विमानाचे अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाल्यापासून सोलापूरकर विमानप्रवासाचे गणित घरीच मांडू लागले आहेत. हे गणित बहुधा पहिल्याच पायरीवर चुकते, कारण अंतर म्हणून रेल्वेचे किलोमीटर धरले जातात. मुंबईचे रेल्वेअंतर ४५५ किलोमीटर आहे, कारण लोहमार्ग कुर्डुवाडी, दौंड, पुणे असा वळसा घेत आणि घाट उतरत जातो. दोन्ही विमानतळांमधील सरळ हवाई अंतर मात्र सुमारे ३६० किलोमीटरच भरते. हेच अंतर सागरी मैलांत १९५ होते. वैमानिक आणि उड्डाणांची माहिती देणारी अनेक ॲप सागरी मैल वापरतात. तो आकडा किलोमीटर समजून घेतला, तर मुंबई निम्म्याने जवळ आल्यासारखी वाटते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

अक्षांश-रेखांश घालून अंतर काढणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. विमानतळाचा अक्षांश १७ अंश ३७ मिनिटे आहे. तो दशांशात १७.६२ होतो, १७.३७ नव्हे. एवढ्या चुकीने विमानतळ सुमारे २७ किलोमीटर दक्षिणेला सरकतो.

वेळेच्या बाबतीतली चूक अधिक महागात पडते. गोव्यातील मोपा विमानतळाचे सरळ अंतर सुमारे ३०० किलोमीटर आणि त्या मार्गावरील एटीआर या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर, म्हणजे प्रवास ३६ मिनिटांचा, असा हिशेब सर्रास केला जातो. तो वेग विमान ठरलेल्या उंचीवर पोहोचल्यानंतरचा असतो, आणि इतक्या कमी अंतरात त्या उंचीवर ते फार वेळ राहतच नाही. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. दहा हजार फुटांखाली तर मोठ्या जेट विमानालाही साधारणपणे २५० नॉटची (म्हणजे ताशी २५० सागरी मैलांची) मर्यादा पाळावी लागते. म्हणूनच लहान मार्गावर जेटमुळे वाचणारी मिनिटे अपेक्षेपेक्षा थोडीच असतात. शिवाय वेळापत्रकातील कालावधी चाकांखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो, त्यामुळे धावपट्टीपर्यंतची चाल आणि मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी उतरण्यासाठी थांबणे, हे सारे त्यात धरलेले असते. माझ्या मते प्रवाशाने भागाकार करूच नये. तिकिटावरील सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ प्रमाण मानावी.

संकेतस्थळांवरील अंतरमापक कोणत्याही दोन विमानतळांमधील ‘उड्डाणवेळ’ दाखवतात, मग तिथे थेट सेवा असो वा नसो. सोलापूर-नांदेड घातले तरी आकडा येतो. त्यावरून विमान आहे असे समजू नये.

शहराच्या नावावर विसंबणे हीदेखील नेहमीची चूक आहे. गोव्यात मोपा आणि दाबोळी हे दोन विमानतळ हवाई रेषेत सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहेत, आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून मुंबईबाबतही तीच काळजी घ्यावी लागते. आरक्षणापूर्वी तीन अक्षरी संकेत पाहावा: सोलापूर एसएसई, मोपा जीओएक्स, दाबोळी जीओआय. पुढचे विमान दुसऱ्या विमानतळावरून असेल, तर मधला रस्त्याचा वेळ वेगळा धरावा. दोन्ही तिकिटे स्वतंत्र काढली असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी सहसा घेत नाही. अशा वेळी मधे काही तासांचे अंतर ठेवूनच आरक्षण करावे.