शंभर किलोमीटर खोलीवरून परतलेला खडक कसा वाचावा

दोन खंड भिडताना बुडत्या महासागरी पट्टीमागोमाग खंडीय कवचही प्रावरणात ओढले जाते. त्यातले थोडे परत येते. पुरावा शोधताना आजूबाजूच्या नाइसवर (ग्रॅनाइटसारख्या खडकापासून बनलेल्या पट्टेदार रूपांतरित खडकावर) वेळ घालवू नका, वर येताना तो जवळपास पूर्ण बदलतो. त्यात अडकलेले एक्लोजाइटचे, म्हणजे मोठ्या दाबाखाली बनलेल्या जड खडकाचे, भिंगाकार तुकडे पाहा, आणि त्यांतही गार्नेट हे कठीण, बहुधा तांबडे खनिज.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला खडकाचा ३० मायक्रॉनचा पातळ छेद घ्या. गार्नेटमधल्या क्वार्ट्झभोवती किरणांसारख्या भेगा दिसल्या की तिथे थांबून नीट पाहा. तो कण मुळात कोएसाइट, म्हणजे क्वार्ट्झचेच मोठ्या दाबाखालचे रूप, असू शकतो. कोएसाइटची घनता २.९ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, क्वार्ट्झची २.६५, दाब उतरला की कण क्वार्ट्झ होऊन फुगतो आणि गार्नेट तडकते. मधोमध उरलेला कोएसाइट रामन वर्णपटात (लेसर प्रकाश टाकून खनिज ओळखण्याच्या पद्धतीत) ५२१ प्रतिसेंटीमीटरला शिखर देतो, क्वार्ट्झ ४६४ला. कोएसाइट म्हणजे किमान २.७ गिगापास्कल दाब, साधारण ९० किलोमीटर खोली. लडाखच्या त्सो मोरीरी भागातल्या एक्लोजाइटमध्ये तो असाच सापडला. भेगांतून पाणी शिरले की तो टिकत नाही, म्हणून न तडकलेली गार्नेट आधी तपासा. हिराही मोठ्या खोलीचाच पुरावा, पण हिऱ्याच्या पेस्टने घासलेल्या छेदाच्या पृष्ठावर हिरा दिसला तर तो अजिबात धरू नका. कण गार्नेटच्या आत पूर्ण बंद हवा.

आता वय, आणि खरी चूक इथेच होते. झिरकॉन या युरेनियम असलेल्या, म्हणून वय मोजता येणाऱ्या खनिजाच्या गाभ्याचे वय मूळ खडकाचे असते. खोलीवरचे वय कडेच्या वाढीतून घ्या. अभ्रकाच्या आर्गॉन वयावर, म्हणजे पोटॅशियमच्या किरणोत्सारी क्षयातून साठलेल्या आर्गॉन वायूवरून काढलेल्या वयावर, एकट्यावर विसंबू नका. आल्प्सच्या डोरा माइरा भागात अडकून राहिलेल्या जादा आर्गॉनमुळे अभ्रकाने सुमारे १० कोटी वर्षे दाखवली. झिरकॉनने खरे वय ३.५ कोटी दिले. थंड होण्याचा शेवटचा टप्पा ॲपेटाइट या खनिजातल्या फिशन ट्रॅकवरून, म्हणजे युरेनियमचे अणू फुटून उमटलेल्या ओरखड्यांवरून, मिळतो, सुमारे ११० अंश सेल्सियसला.

खोली आणि वय जोडताना दोन टोकांमध्ये सरळ रेघ मारू नका. डोरा माइरात वर येण्याचा वेग वर्षाला सुमारे ३.४ सेंटीमीटरवरून ०.५वर उतरला. कारण घनतेत आहे: प्रावरण ३.३, दाबाखालचे ग्रॅनाइटी कवच सुमारे ३.०, म्हणून ते उसळते. एक्लोजाइट ३.५चा, एकटा असता तर बुडालाच असता. हलक्या नाइसच्या आधारानेच तो वर येतो. कवचाच्या तळाशी पोचल्यावर घनतेतला फरक संपतो आणि उसळीही.

पुढचे वर आणण्याचे काम धूप आणि विभंगांचे (खडक ज्यांवर सरकतात त्या भेगांचे). म्हणून नकाशावर त्या पट्ट्याखालचा प्रणोद विभंग (ज्यावर वरचा खडक वर ढकलला जातो) आणि वरचा सामान्य विभंग (ज्यावर वरचा खडक खाली घसरतो) दोन्ही आखा, आणि ते एकाच काळात सरकले का हे त्यांच्यातल्या अभ्रकाच्या वयांवरून तपासा. वरचा सामान्य विभंग दिसला म्हणजे सगळा पर्वत ताणला जात होता असे मात्र नाही. दोन विभंगांमधला खडकाचा पट्टा बाहेर सरकत असतानाही तसा विभंग तयार होतो.