गर्भपिशवीतला पॉलिप काढताना या चुका टाळा

"मॅडम, पिशवीच काढी टाका ना!" चोपडा-पारोळ्याकडून आलेल्या बाया सोनोग्राफीचा कागद टेबलावर ठेवतात आणि हेच म्हणतात. कागदावर 'एंडोमेट्रियल पॉलिप' लिहिलेलं असतं, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तराला फुटलेला मऊ कोंब. बहुतेकदा तो साधाच असतो. तेवढ्यासाठी अख्खी पिशवी गमावू नका.

त्याहून जास्त होणारी चूक म्हणजे नुसती 'पिशवी साफ करून घेणं'. क्युरेटिंग हाताच्या अंदाजाने होतं आणि देठावर डुलणारा कोंब सहज निसटतो. दोनदा क्युरेटिंग होऊनही अंगावरून लाल जाणं थांबेना, म्हणून एक ताई माझ्याकडे आल्या. दुर्बीण घातली तर कोंब जागच्या जागी, पिशवीत सोडलेल्या सलाइनमध्ये हलत होता. त्यांनी स्वतः स्क्रीनवर पाहिला. म्हणून आधी विचारा, "दुर्बिणीतून बघून काढणार ना?"

पुढचा प्रश्न, कशाने काढणार? भूल न देता ओपीडीत काढायचा तर मुख्य पर्याय तीन. बारीक कात्री-चिमटा स्वस्त पडतो आणि लहान, देठाच्या पॉलिपला पुरतो. मोठा पॉलिप मात्र कापला जातो, पण पिशवीच्या तोंडातून बाहेर ओढताना अडतो आणि दुखतं. बायपोलर करंटने कापताना रक्त कमी जातं, पण तुकडे वेगळे वेचून काढावे लागतात. तिसरा मॉर्सेलेटर, कापता कापताच तुकडे ओढून घेणारा. १२१ बायकांवरच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने ९८ टक्के जणींचा पॉलिप पूर्ण निघाला, करंटने ८३ टक्के. वेळही जवळपास निम्मा लागला. पण त्याचं पातं महाग असतं आणि पिशवीच्या माथ्यावरच्या पॉलिपपर्यंत ते नीट पोचत नाही. महागडं तेच चांगलं, असं धरून चालू नका. पॉलिप केवढा, कुठे आणि देठावर आहे की बसका, यावर ठरतं.

ओपीडीत जमलं नाही तर खचू नका. ब्रिटनमधल्या ५०७ बायकांच्या अभ्यासात (२०१५) ओपीडीत १९ टक्के जणींचा पॉलिप निघू शकला नाही, भूल देऊन ७ टक्के. फार दुखलं तर "थांबा" म्हणा. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन पुन्हा करता येतं.

तारीख पाळी संपल्यावर लगेचची घ्या. नंतर अस्तर जाड होतं आणि पॉलिप त्यात लपतो. पहाटेच्या एसटीने उपाशी येणाऱ्या बायांना टेबलावर घाम सुटतो, डोळ्यापुढे अंधारी येते. भूल नसेल तर थोडं खाऊन यायचं का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. दुखण्याची गोळी साधारण तासभर आधी घ्यायची असते. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर तसं आधी सांगा.

आता सगळ्यात वाईट चूक. काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत घालून आम्ही नातेवाइकाच्या हातात देतो, जळगावच्या लॅबला पोचवायला. ती बाटली बाजाराच्या थैलीत भाजीखाली चार दिवस पडून राहिलेली मी पाहिली आहे. पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं असेल तर कॅन्सर नाही ना, हे त्याच तुकड्यावरून कळतं. बाटली त्याच दिवशी पोचवा, रिपोर्ट घेऊन या. चार-सहा दिवस थोडं लाल जाणं चालतं. ताप आला, वास येऊ लागला किंवा पॅड भराभर भिजू लागलं, तर रिपोर्टची वाट न पाहता निघा.