जांभ्याच्या चिऱ्यावर माया तिथी कशी कोरावी

मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांच्या, आज ग्वाटेमालात असलेल्या किरिग्वा या नगरात राजा काक तिलिव चान योपात याने ७७१ साली ९.१७.०.०.० या माया तिथीला एक कालखंड पुरा झाला म्हणून सुमारे साडेदहा मीटर लांबीचा दगडी स्तंभ उभारला. ही तिथी आपल्याकडच्या जांभ्यावर स्वतः कोरून पाहिल्याशिवाय तिचे मोल नीट कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दसऱ्यानंतर चिरेखाणी सुरू झाल्या की खाणीतून नुकताच निघालेला, ओलसर चिरा आणावा. ताजा जांभा छिन्नीला मऊ लागतो आणि वारा-ऊन खाऊन कठीण होतो. होंडुरासमधील कोपान या माया नगराच्या शिल्पकारांचा ज्वालामुखीच्या राखेचा दगडही असाच होता, मात्र त्यांच्या हाती धातूची हत्यारे नव्हती. जांभ्याला छिद्रे फार असल्यामुळे बारीक नक्षीचा हट्ट धरू नये. तोंडाला फडके बांधावे, डोळ्यांवर चष्मा लावावा आणि दगडावर अधूनमधून पाणी शिंपडावे.

कोळशाने दोन उभे रकाने आखावेत. माया लेख जोडीजोडीने, डावीकडून उजवीकडे व वरून खाली वाचतात. पहिल्या जोडीत ९ आणि १७, पुढच्या जोडीत दोन शून्ये आणि त्याखाली डावीकडे उरलेले शून्य येईल. या स्थानांची किंमत अनुक्रमे १,४४,०००, ७,२००, ३६०, २० आणि १ दिवस आहे, म्हणून एकूण १४,१८,४०० दिवस होतात. ही मोजणी इसवी सनापूर्वी ३११४ पासूनची आहे.

टिंब म्हणजे एक आणि रेघ म्हणजे पाच. प्रत्येक आकड्याच्या उजवीकडे त्या स्थानाच्या कालखंडाचे चिन्ह येते; त्याऐवजी साधा चौकोन चालेल. चौकोनाला लागून १७ च्या तीन उभ्या रेघा आणि त्यांच्या डावीकडे दोन टिंबे खोदावीत. या दोन टिंबांमध्ये माया कारागीर जागा भरण्यासाठी चंद्रकोरीसारखी आकृती कोरत. ती शोभेची असते, मोजायची नसते. नवशिका नेमका येथेच १७ चे १८ करतो. शून्यासाठी फुलाच्या पाकळ्यांसारखे चिन्ह काढावे.

कालखंड पुरा झाला की होणाऱ्या विधीला लेखांत 'काल तुन', म्हणजे दगड बांधणे, असे म्हटले आहे. राजा धूपाचे खडे विखुरताना दाखवला जातो आणि स्तंभालाही वस्त्र गुंडाळत असावेत, असे अभ्यासक मानतात. ग्रामदेवतेच्या पाषाणाला वस्त्र चढवणाऱ्या कोकणी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माया लोकांसाठी तो दगड काळाची नुसती नोंद नव्हता; पुऱ्या झालेल्या काळाचे ते शरीरच होते.

हा सराव खाणीच्या चिऱ्यावरच करावा. उक्षी, बारसू किंवा कशेळीच्या सड्यावरील कातळशिल्पांजवळ छिन्नी नेऊ नये. कोरीव चिरा सकाळच्या तिरक्या उन्हात उभा ठेवावा, म्हणजे प्रत्येक टिंबाची सावली वेगळी पडते आणि राहिलेली चूक लगेच दिसते.