रुग्णालयातल्या रुग्णाच्या तोंडाची काळजी: या चुका टाळा

“काही खातच नाहीत, मग दात कशाला घासायचे?” रुग्णाजवळ बसणारे असे सर्रास म्हणतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चघळणे थांबले की लाळ कमी होते, आणि तोंड स्वच्छ ठेवायचे काम लाळच करत असते. त्यात ऑक्सिजनचा मास्क, ॲलर्जीची किंवा लघवीची औषधे यांनी कोरड आणखी वाढते. दातांवरच्या थरातले जंतू झोपेत लाळेबरोबर फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. त्यामुळे अन्न नाकातल्या नळीने जात असले, तरी दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ साफ करायलाच हवी.

ओला बोळा फिरवून भागत नाही. जीभ ओली होते, थर तसाच राहतो. माउथवॉशनेही ब्रशचे काम होत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे दात घासावेत, पण क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक माउथवॉश वापरू नये, असे अमेरिकेतल्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

गुंगीतल्या किंवा ठसका लागणाऱ्या रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नका. सिस्टरना विचारून डोके उंच करा किंवा कुशीवर वळवा, आणि ब्रश जेमतेम ओला ठेवा.

कवळी कागदात गुंडाळून उशाशी ठेवू नका, ती थेट कचऱ्यात जाते. नाव लिहिलेल्या डबीत ठेवा. रात्री काढून घासा आणि साध्या पाण्यात बुडवा. गरम पाण्याने ती वाकते. कवळी हरवली की जेवण पातळ होते, बोलणे कळेनासे होते आणि भेटायला कोणी आले की माणूस तोंडावर हात धरतो. आजारपणात हे मनाला फार लागते. तोंडाच्या तक्रारींचा जगण्यावर होणारा परिणाम मोजणाऱ्या ओएचआयपी-१४ या प्रश्नावलीत खाण्याच्या त्रासाबरोबर अवघडलेपण आणि चिडचिडही विचारतात, ते योग्यच आहे.

“अन्नावरची वासनाच उडाली” असे ठरवण्याआधी टॉर्च लावून तोंडात बघा. पांढरे डाग, पुसल्यावर खाली लालसर, असे दिसले तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरली नाही, तर ती होण्याची शक्यता वाढते.

हलणारा दात शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. श्वासाची नळी घालताना तो निसटून श्वासमार्गात जाऊ शकतो.