अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सचा डेटा देताना या चुका टाळा

फाइल उघडते, आकडे दिसतात, पण त्यांचं काहीच करता येत नाही. दुर्बिणीवरच्या अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सच्या (हवेमुळे थरथरणारी प्रतिमा आकार बदलणाऱ्या आरशानं सतत सुधारणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदी दुसऱ्या गटाकडे गेल्या की हे हमखास होतं. नियंत्रण कक्षात सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या गोष्टी फाइलमध्ये लिहायच्या राहून जातात.

सगळ्यात महागात पडतं ते एकक. शॅक-हार्टमन सेन्सरनं (तरंगाग्र, म्हणजे येणाऱ्या प्रकाशलहरीचा पुढचा पृष्ठभाग, किती वाकडा आहे ते मोजणारं उपकरण) दिलेले उतार पिक्सेलमध्ये आहेत, कोनीय सेकंदांत की रेडियनमध्ये? आरशाच्या कमांड व्होल्टमध्ये आहेत की मायक्रॉनमध्ये? मायक्रॉन असले तरी मेख उरतेच: आरशाचा पृष्ठभाग 1 मायक्रॉन पुढे आला की परावर्तित तरंगाग्र साधारण 2 मायक्रॉन सरकतं. तेव्हा आकडा पृष्ठभागाचा की तरंगाग्राचा, तेही लिहा. उत्तरात नेमका दुपटीचा फरक येत असेल (व्हेरियन्समध्ये चौपट), तर आधी इथे शोधा.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे फ्रीड पॅरामीटर (हवा किती शांत आहे ते सांगणारी लांबी; जास्त म्हणजे चांगली) विश्वास बसू नये इतका चांगला येतो. आकाश तेवढं शांत नसतं, आपण बंद लूपमधले (सेन्सर मोजतो आणि आरसा लगेच दुरुस्त करतो, त्या चालू चक्रातले) उतार वापरलेले असतात. ते आरशानं दुरुस्ती केल्यावर उरलेली चूकच दाखवतात. मूळ वातावरण हवं असेल तर आरशाची दुरुस्ती त्यात पुन्हा जोडावी लागते, आणि त्यासाठी कमांड, इंटरॅक्शन मॅट्रिक्स (कोणत्या कमांडनं उतार किती बदलतात त्याचा तक्ता) आणि लूपचा विलंब हे तिन्ही लागतं. नुसते उतार पाठवणं म्हणजे अर्धा डेटा पाठवणं. तरंगलांबीही सांगा: 500 नॅनोमीटरला 15 सेंमी असलेला फ्रीड पॅरामीटर 2.2 मायक्रॉनला सुमारे 89 सेंमी होतो.

फिट्समध्ये (खगोलशास्त्रातला नेहमीचा फाइल फॉरमॅट) पहिला अक्ष सर्वांत वेगानं बदलतो, नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) शेवटचा. चौरस अ‍ॅरे असेल तर प्रोग्राम कुरकुर करत नाही, नकाशा गुपचूप आडव्याचा उभा होतो. झर्निके बहुपदींना (तरंगाग्राचा आकार त्यांच्यात मांडतात) क्रमांक देण्याच्याही वेगवेगळ्या पद्धती आहेत: नोल क्रम 1 पासून सुरू होतो, ओएसएचा 0 पासून. कोणता वापरला ते नोंदवा.

वेळेचं तर विचारूच नका. 2017 पासून टीएआय (आण्विक घड्याळांची सलग वेळ) यूटीसीच्या (रोजच्या घड्याळांचा आधार असलेली जागतिक वेळ) 37 सेकंद पुढे आहे. सेकंदाला 1000 फ्रेम घेणाऱ्या लूपमध्ये या दोन्हींची गल्लत झाली तर ही 37,000 फ्रेमची चूक होते. गळलेल्या फ्रेमही काढून टाकून ओळ सलग करू नका, त्यांची जागा रिकामी दाखवा.

स्वतःचा नवा फॉरमॅट मात्र काढू नका. अशाच नोंदींसाठी फिट्सवर उभारलेला एओटी हा फॉरमॅट आहे, आणि तो वाचा-लिहायला एओटीपाय हे पायथन पॅकेज आहे. अर्थात, त्यातले रकाने भरायचे आपल्यालाच, तेही निरीक्षणाच्याच रात्री.