प्रोबरोबर कोर्सवरचा धडा: आधी तुम्ही बोला, प्रो नंतर

गोल्फमध्ये रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागेवर, सात नंबरच्या काठीने मारलेला बॉल सरळ जातो आणि कोर्सवर तोच उजवीकडच्या झाडीत शिरतो, म्हणून लोक प्रोला, म्हणजे शिकवणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला, घेऊन कोर्सवर उतरतात. आणि पहिल्याच टीवर (होल जिथून सुरू होतो तिथे) म्हणतात, ‘माझा स्लाइस जरा बघा ना, बॉल उजवीकडे वळतो.’ प्रोही भला माणूस. तो ग्रिप बघतो, खांदा वळवून देतो, मनगट धरून दाखवतो. कोर्सचे पैसे भरून रेंजचाच धडा होतो, फक्त गवत जरा हिरवं असतं.

स्विंग दुरुस्त करायची जागा रेंज. तिथे बॉल सपाट मॅटवर असतो आणि तोच शॉट पन्नास वेळा मारता येतो. कोर्सवर शिकायचं ते वेगळं: या जागेवरून, या वाऱ्यात, आज जसा आहे त्याच स्विंगने काय मारायचं. स्लाइस असेल तर असू दे, तो धरूनच निशाणा कुठे घ्यायचा हे शिका. हे पटत नसेल तर रेंजवरचाच धडा घ्या, स्वस्त पडेल.

ठरवताना

प्रोची फी किती, हे सगळेच विचारतात. त्यात दोघांची ग्रीन फी (कोर्सवर खेळायची फी) आणि कॅडीचे, म्हणजे बॅग उचलणाऱ्याचे, पैसे धरलेत का, हे विचारायचं राहून जातं आणि शेवटी काउंटरवर अवघडल्यासारखं होतं. दुसरं, एकाच जागेवरून दोन बॉल मारायला गोल्फ क्लबची परवानगी आहे का, हे प्रोलाच विचारायला सांगा. बऱ्याच ठिकाणी नसते. तिसरं, होल किती? थांबत-बोलत खेळलं तर दोन तासांत पाच-सहा होल होतात, आणि तेवढे पुरतात. अठरा होलचा धडा घेऊ नका. बाराव्या होलनंतर डोक्यात काही शिरत नाही. शनिवार-रविवारची सकाळ तर मागूच नका. मागे चौघं येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले की प्रोही घाईत येतो. आठवड्यातली दुपार आणि मोकळे नऊ होल सगळ्यात बरे. तरी मागून कुणी आलंच तर लगेच पुढे सोडा.

या फेरीचा स्कोअर हँडिकॅपसाठी (खेळाडूचा दर्जा सांगणाऱ्या आकड्यासाठी) टाकायचा नाही. गोल्फच्या नियम १०.२ प्रमाणे फेरी चालू असताना सल्ला फक्त आपल्या कॅडीला विचारता येतो. दुसऱ्या कुणाला विचारला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात त्यात) दोन फटक्यांचा दंड. इथे तर सल्ल्यासाठीच पैसे मोजलेत.

घरून न्यायची एकच गोष्ट

प्रत्येक क्लबचं (बॅगेतल्या काठीचं) कॅरी अंतर, म्हणजे बॉल हवेतून जाऊन जिथे टेकतो तिथपर्यंतचं. घरंगळण त्यात धरायचं नाही. रेंजवर प्रत्येक क्लबने दहा बॉल मारा, सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात भिकार दोन सोडा, उरलेल्या सहांची सरासरी काढा. ‘माझा सात नंबर १५० जातो’ असं सांगणाऱ्यांचा सात नंबर एकदा कधीतरी, सुकलेल्या फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर), मागून वारा असताना १५० गेलेला असतो. त्या एका बॉलच्या भरवशावर पुढची दहा वर्षं ग्रीनच्या (होलभोवतीच्या अगदी बारीक गवताच्या) अलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जातात.

मुंबईहून पुण्याला खेळायला येणारे विचारतात, उंचीमुळे बॉल जास्त उडेल का. उडेल, साधारण दोन टक्के. १५० यार्डांना तीन यार्ड. विसरा.

कॅडीशी आधीच बोला

आपल्याकडचा कॅडी तुम्ही बॉलपाशी पोचायच्या आत क्लब काढून पुढे करतो. ‘साहेब, सात नंबर, जरा हळू.’ नऊपैकी आठ वेळा त्याचं बरोबरही असतं, कारण तो त्याच गवतावर वर्षानुवर्षं चाललेला असतो. दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ आणि १९९३ साली इंडियन ओपन जिंकली; तेव्हा कॅडीला काय कळतं, असला विचार मनातही आणू नका. पण धड्याच्या दिवशी त्याचा बरोबर सल्लाही आड येतो. पहिल्या टीवरच सांगा, ‘दादा, आज विचारल्याशिवाय क्लब नाही, लाइन नाही. फक्त यार्डेज (किती यार्ड ते), तेही मी मागितलं तर.’ आगेवाला (पुढे उभा राहून बॉल कुठे पडला ते बघणारा) असेल तर त्याचं काम नेहमीसारखंच चालू दे. टिप नेहमीपेक्षा जरा जास्त द्या, गप्प राहणं त्यांना बोलण्यापेक्षा जड जातं.

पहिले दोन होल

प्रोने एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही नेहमी खेळता तसे खेळा, नेहमी चिडता तसे चिडा.

तिसऱ्या होलपासून: बोलून मारणं

बहुतेक धडे फसतात ते इथेच.

नियम साधा आहे. प्रत्येक शॉटच्या आधी, बॉलच्या मागे उभं राहून, प्रोला ऐकू जाईल असं चार गोष्टी बोलायच्या: निशाणा कुठला, कॅरी किती, क्लब कोणता, आणि चुकला तर कुठे गेलेला चालेल. मग मारायचं. बॉल थांबेपर्यंत प्रो गप्प. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद लागतात. ऐकायला पोरखेळ वाटतो. करायला बसलात की घाम फुटतो.

एक शॉट जवळून बघू. पिन (होलमधली झेंड्याची काठी) १४८ यार्डांवर, ग्रीनच्या डाव्या बाजूला. तिच्या समोर बंकर, त्याची पलीकडची कड १४२ यार्डांवर. ग्रीन १३५ पासून १६५ पर्यंत, म्हणजे ३० यार्ड खोल. तुमच्या सात नंबरचं सरासरी कॅरी १४०, सहा नंबरचं १५०. न बोलता खेळणारा पिन बघतो, १४८ ऐकतो, सात नंबर काढतो आणि जीव काढून मारतो. बॉल चांगला लागूनही बंकरमध्ये. तो म्हणतो, ‘फटका खराब झाला.’ फटका खराब नव्हताच. बोलून खेळणाऱ्याला बोलावं लागतं: ‘निशाणा पिनच्या उजवीकडे, मागच्या झाडाची ती वाळकी फांदी. कॅरी १५०. क्लब सहा. उजवीकडे गेला तर चालेल, तिथून छोटा चिप फटका सोपा. डावीकडे अलीकडे पडता कामा नये.’ अगदी नीट लागला आणि १५५ गेला तरी बॉल ग्रीनवरच. वाक्य पुरं करता करताच सात नंबर आपोआप बॅगेत परत जातो.

आता यात काय बिघडतं ते. एक, निशाणा मोघम असतो. ‘तिकडे मधे’ हा निशाणा नव्हे. फांदी, बंकरची कड, क्लबहाउसची तिसरी खिडकी, असं बोट दाखवता येईल असं काहीतरी हवं. दोन, चौथी गोष्ट गाळली जाते. चुकण्याबद्दल आधी बोलणं लोकांना अपशकुन वाटतं. तो अपशकुन नाही, निम्मा खेळ तोच आहे. बॉल चुकणार आहेच, कुठे चुकायचा एवढंच आपल्या हातात. उजवीकडे पाणी असेल आणि तुमचा बॉल उजवीकडेच वळत असेल, तर फेअरवेच्या मधोमध निशाणा घेणं म्हणजे आपणहून पाण्यात जाणं. तीन, वाक्यात स्विंग घुसतो. ‘सहा नंबर, आणि डोकं खाली ठेवतो’ असं कुणी म्हटलं की प्रोने तिथेच थांबवून पुन्हा बोलायला लावावं. बॉलवर उभं राहून शरीराच्या सूचना पाठ करणाऱ्याचा निर्णय पक्का झालेला नसतो. ‘डोकं खाली ठेवा’ या सल्ल्याने तर गोल्फचं जितकं नुकसान केलं तितकं खड्ड्यांनीही केलं नसेल. चार, बोलून झाल्यावर, बॉलवर उभं राहिल्यावर मन बदलतं. तसं वाटलं की मागे या, क्लब बॅगेत ठेवा, पहिल्यापासून बोला. अर्धा निर्णय घेऊन मारलेला शॉट हा सगळ्यात वाईट शॉट. त्यातून चूक कशाची होती तेही कळत नाही.

पाचवी गडबड सगळ्यात लबाड. तुम्ही बोलता बोलता प्रोच्या चेहऱ्याकडे बघता. त्याची भुवई हलली की क्लब बदलता. मग निर्णय त्याचा, आणि पुढच्या रविवारी तो तुमच्यासोबत नसणार. म्हणून बोलताना तोंड निशाण्याकडे, प्रो पाठीमागे. ‘सर, कुठला क्लब घेऊ?’ हा प्रश्न त्या दिवसापुरता बंद. त्याचं उत्तर बरोबर मिळालं तरी तुम्ही काही शिकत नाही.

प्रोलाही हे कठीण जातं, कारण बोलण्याचे पैसे घेतले आणि गप्प कसं राहायचं, असं त्याला वाटतं. म्हणून फोनवरच ठरवून घ्या: बॉल थांबल्यावरच बोलायचं, आणि आधी निर्णयाबद्दल, मग फटक्याबद्दल. हे मान्य नसलेला प्रो असेल तर दुसरा बघा. धोका असेल, कुणी समोर असेल, तर अर्थातच त्याने ओरडावं.

दुसरा बॉल कधी

निर्णय चुकला असेल तर त्याच जागेवरून, प्रोच्या निर्णयाने, एक बॉल मारा. निर्णय बरोबर आणि फटका खराब असेल तर मारायचा नाही. पुढे चला. मनासारखा लागेपर्यंत मारत राहणं म्हणजे परत रेंज.

प्रोने स्वतः खेळावं का? सगळे होल खेळू नये. त्याचे ड्राइव्ह (टीवरचे लांब फटके) बघायला पैसे नाही भरले. मात्र जिथे ‘इथून काही करताच येत नाही’ असं तुम्हाला वाटतं, तिथे तुमच्याच जागेवरून, तुमच्याच क्लबने त्याला एक मारायला लावा. बहुतेक वेळा तो झाडातून आडवा, तीस यार्ड, फेअरवेवर काढतो. शिकायचं ते तेवढंच.

उतार आणि वारा

रेंजवर उतार मिळत नाही, म्हणून खारघरसारख्या डोंगराच्या कुशीतल्या कोर्सवर प्रोला मुद्दाम उतारावर थांबवा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल पायांपेक्षा उंच असेल तर डावीकडे जातो, खाली असेल तर उजवीकडे. चढावरून मारलेला उंच जातो आणि कमी पडतो. उतरणीवरून मारलेला खालून जातो आणि पळतो. ग्रीन १० यार्ड उंचावर असेल तर साधारण १० यार्ड जास्त धरा. समोरचा वारा जेवढं खातो, त्याच्या निम्मंच मागचा वारा परत देतो. पावसाळ्यात घरंगळण शून्य धरा. कॅरीचे आकडे का आणायला सांगितले ते तेव्हा कळतं.

ग्रीनभोवती

चिप करताना पिन नाही, बॉल टेकण्याची जागा बोला. पिचिंग वेजने (बॉल उंच उडवणाऱ्या क्लबने) एक भाग हवेत तर साधारण दोन भाग जमिनीवर, सँड वेजने (त्याहूनही उंच उडवणाऱ्याने) जवळपास निम्मं-निम्मं. बंकरमध्ये फक्त बाहेर काढा.

पटिंग

लाइन, म्हणजे बॉल होलकडे कुठून वळत जाईल ते, आधी तुम्ही वाचा, बोला, मग कॅडीला विचारा. तो ‘दोन बॉल लेफ्ट’ (होलच्या डावीकडे दोन बॉलांएवढं) म्हणाला आणि तुम्ही एक म्हणाला होतात, तर त्याचंच घ्या. पण फरक लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बर्म्युडा जातीच्या गवताच्या ग्रीनवर त्याचा कल बघायचा: तुमच्या बाजूने चकाकत असेल तर गवत पुढे झुकलंय, बॉल पळतो, काळपट दिसत असेल तर अडतो. पीजीए टूरवरचे (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धांमधले) खेळाडूही ८ फुटांवरून जवळपास निम्मेच पट (ग्रीनवरचे घरंगळते फटके) होलमध्ये घालतात. तेव्हा ३० फुटांवरून होलच्या ३ फुटांच्या आत थांबला की झालं, हळहळू नका.

स्कोअरकार्डवर

स्कोअर लिहूच नका. प्रत्येक शॉटला एक अक्षर: ‘न’ म्हणजे निर्णय चुकला, ‘फ’ म्हणजे फटका चुकला, दोन्ही ठीक असेल तर टिंब. बंकरमध्ये गेला पण निर्णय बरोबर होता, तर ‘फ’. चुकीच्या क्लबने नशिबाने ग्रीनवर आला, तर ‘न’. इथेच लोक स्वतःला फसवतात, म्हणून अक्षर प्रोने सांगायचं. शेवटचा होल पुन्हा प्रोने गप्प राहायचं, अक्षरं तुम्ही टाकायची, आणि मग त्याची ताडून बघायची.

चहा घेताना मोजा. ‘न’ जास्त असतील तर आणखी रेंजवर जाऊन उपयोग नाही. पुढच्या चार फेऱ्या एकट्याने, पुटपुटत का होईना, बोलून खेळा आणि मग पुन्हा प्रोला बोलवा. ‘फ’ जास्त असतील तर ते कुठल्या क्लबने झाले ते बघा, आणि रेंजवरचा पुढचा धडा फक्त त्या एका क्लबचा घ्या.