टॉर्क कन्व्हर्टर बदलताना या चुका टाळा

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारा, ऑइलमधून ताकद पोचवणारा गोल डबा. तो बदलण्याआधी दोष नक्की करा. इंजिन ट्यून असूनही जागेवरून उचल नाही, पण वेग धरल्यावर गाडी ठीक पळते, तर स्टेटरचा (आतलं ऑइल वळवणाऱ्या पात्यांच्या चाकाचा) वन-वे क्लच, जो त्याला एकाच दिशेने फिरू देतो, दोन्हीकडे सुटा फिरतोय. उचल चांगली, पण हायवेला दम लागतो आणि गिअरबॉक्सचं ऑइल तापतं, तर तो जाम झालाय. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी आत शिरलंय. कूलर तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर चढवलात तर पैसेही पाण्यातच.

बाहेरून सगळे कन्व्हर्टर भावाभावांसारखे दिसतात. बॅटरी मारून आतले दाते मोजा: टर्बाइनच्या (गिअरबॉक्सला ताकद देणाऱ्या आतल्या चाकाच्या) शाफ्टला शेवरोलेच्या पॉवरग्लाइड गिअरबॉक्समध्ये 17, टर्बो 350 मध्ये 30. फ्लेक्सप्लेटच्या (इंजिनवरच्या ज्या पातळ चकतीला कन्व्हर्टर आवळतात तिच्या) बोल्टांचं वर्तुळ कुठे पावणेअकरा इंच, कुठे साडेअकरा. व्यास लहान म्हणजे सहसा स्टॉलचे आरपीएम (गाडी जागेवर धरून ठेवली तर इंजिन जितके फेरे गाठतं ते) जास्त. शर्यतीच्या गाडीला ते ठीक, पण कुंभार्ली घाटात सावकाश चढताना असा कन्व्हर्टर घसरत राहतो नि ऑइल करपवतो.

कोकणात आणखी एक भानगड. सुटा कन्व्हर्टर पावसाळाभर शेडमध्ये पडला की खाऱ्या हवेने हबला (गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या मागच्या नळीला) गंज धरतो. हबवरून नख फिरवा. अडकलं तर तो नवं ऑइल सील कापणारच. वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने गोलाईच्या दिशेने काढा, आडवा घासू नका. खड्डे पडले असतील तर तो बाजूला ठेवा. ठेवणीतल्या कन्व्हर्टरच्या हबला ग्रीस लावून प्लास्टिक बांधलं असतं, तर ही वेळच आली नसती.

सगळ्यात महाग चूक बसवताना होते. कन्व्हर्टरमध्ये साधारण लिटरभर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओता, हबला तेच चोळा आणि फिरवत फिरवत आत ढकला. स्टेटरचे दाते, टर्बाइनचा शाफ्ट, शेवटी ऑइल पंप, असा तो टप्प्याटप्प्याने आत सरकतो. पंपाचा टप्पा राहिला तर बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं घंटेसारखं पुढचं आवरण) इंजिनला टेकत नाही, आणि मग फिटर बोल्ट आवळून ते ओढतो. तिथेच पंप फुटतो. बेलहाउसिंग हातानेच टेकलं पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरावा आणि फ्लेक्सप्लेटपासून 3 ते 5 मिलिमीटर मागे असावा. फट नसेल तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवा, दुसरा इलाज नाही. गिअरबॉक्स नेमका जागेवर धरणाऱ्या डॉवेल पिना विसरू नका, आणि बोल्ट मूळ लांबीचेच वापरा. लांब बोल्ट कन्व्हर्टरचं तोंड आत दाबतो.

इंजिन सुरू होताच कन्व्हर्टर ऑइल ओढून घेतो, म्हणून उरलेलं एटीएफ हाताशी ठेवा. सगळे गिअर एकदा फिरवून लेव्हल पाहा. दुसऱ्या दिवशी बेलहाउसिंगखाली लाल थेंब दिसले तर बहुधा पुढचं सील गेलंय.